४३ अंशांचं नागपूर की ३४ अंशांचं चेन्नई?

भाची बँकेत आहे. बदलीसाठी तिच्यापुढे दोनच गावं होती, नागपूर आणि चेन्नई. पसंतीक्रम सोमवारपर्यंत भरायचा होता. एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी दुपारी ती कोथरूडला आमच्याकडे आली, ती मोबाइल पुढे धरूनच.

"मामा, हे बघ. आत्ता नागपूर ४३, चेन्नई ३४. नऊ डिग्रीचा फरक. आईंना बीपी आहे, पिल्लू तीन वर्षांचं. यात विचार करण्यासारखं काही उरलंय का? मी तर घरातला कूलर विकायचाय म्हणून सोसायटीच्या ग्रुपवर टाकूनही मोकळी झाले."

मी आयुष्यभर भूगोल शिकवला. त्यामुळे साध्या प्रश्नाला साधं उत्तर देण्याची सवय मोडली आहे. उरलंय, म्हटलं, बरंच उरलंय. बस.

पहिली गोष्ट अशी, की तो ४३ चा आकडा हवेचा आहे. सावलीत, जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत ठेवलेल्या तापमापकाचा. त्या तापमापकाला घाम येत नाही. आपल्याला येतो, आणि सगळा घोळ तिथेच आहे.

शरीर आतून ३७ अंशांच्या आसपास असतं. बाहेरची हवा त्याहून थंड असली की अंगातली उष्णता आपोआप बाहेर पडत राहते, आणि पंखा लावला की जास्त पडते. हवा ३७ च्या वर गेली की वाहतूक उलटी सुरू होते. तेव्हा पंखा म्हणजे गरम हवेचा झोत. मग अंग गार राखायचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे घाम. तोही नुसता येऊन चालत नाही, वाळावा लागतो. एक लिटर घाम अंगावर वाळला तर तो सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तेवढ्या उष्णतेत साडेसात लिटर पाणी नळाच्या तापमानापासून उकळीपर्यंत येईल. पण तोच घाम हनुवटीवरून टपकला, सदऱ्यात जिरला, तर अंगाला त्याचा काही उपयोग नाही. मीठ आणि पाणी गेलं, उष्णता जागेवरच.

म्हणजे कुठलंही गरम गाव पारखताना विचारायचं ते हे, की इथे घाम वाळतो का?

तिला हे नुसतं बोलून पटेना. माझ्याकडे शाळेच्या प्रयोगशाळेला नको झालेले दोन काचेचे तापमापक आहेत. ते गॅलरीत सावलीला शेजारी शेजारी टांगले. एकाच्या पाऱ्याच्या फुग्याला जुन्या मलमलच्या धोतराची पट्टी गुंडाळली आणि पट्टीचं टोक पाण्याच्या वाटीत सोडलं. समोर टेबलफॅन लावला आणि चहा टाकला. चहा पिऊन झाल्यावर पाहिलं तर कोरडा ३८ दाखवत होता आणि ओला २२ च्या किंचित खाली.

"एकाच गॅलरीत दोन तापमानं?"

माठात काय होतं, तेच इथे झालं. माठ पाझरतो, बाहेर आलेलं पाणी वाळतं, वाळताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. ओला तापमापक म्हणजे घाम आलेला माणूस समज. पुण्याच्या ३८ अंशांत घाम सरसर वाळतो, म्हणून तो १६ अंशांनी खाली उतरला. हवा जितकी दमट, तितका हा उतार कमी.

मग तिच्या फोनवरचे आकडे घेऊन मी कागदावर गणित मांडलं. नागपूर ४३ अंश, आर्द्रता १५ टक्के. तिथे असा ओला तापमापक टांगला तर तो साडेबावीसच्या आसपास थांबेल. चेन्नई ३४ अंश, आर्द्रता ६५ टक्के. तिथला ओला तापमापक साडेअठ्ठावीसच्या खाली जायला तयार नाही. म्हणजे कोरडा पारा नागपूर नऊ अंशांनी गरम म्हणतो आणि ओला पारा चेन्नई सहा अंशांनी गरम म्हणतो. खोटं कोणीच बोलत नाही. ओला पारा ३५ च्या वर जाऊन टिकला, तर सावलीत, पंख्याखाली बसलेला धडधाकट माणूसही काही तासांच्या वर तग धरू शकत नाही, असं शरीरशास्त्राचं गणित सांगतं. त्रास अर्थातच त्याच्या कितीतरी आधी सुरू होतो.

यावर ती लगेच म्हणाली, "पण ६५ टक्के म्हणजे फार कुठे? आपल्याकडे श्रावणात ८० असते की, तेव्हा तर छान वाटतं." हा प्रश्न मला वर्गातही दरवर्षी यायचा. आर्द्रतेची टक्केवारी हा हवामानातला सगळ्यात फसवा आकडा आहे, असं माझं मत झालंय.

टक्केवारी हवेत किती पाणी आहे ते सांगत नाही. भांडं किती भरलंय, एवढंच सांगते. आणि भांड्याचा आकार तापमानावर ठरतो. थंडीत हवा म्हणजे लोटा, मे महिन्यात घंगाळं. तापमान दहा-अकरा अंशांनी वाढलं की भांडं जवळजवळ दुप्पट होतं. पुण्यात जानेवारीतल्या पहाटे १२ अंश आणि ८० टक्के आर्द्रता असते, तेव्हा एक घनमीटर हवेत साडेआठ ग्रॅमच्या आसपास पाण्याची वाफ असते. नागपूरच्या त्या ४३ अंश आणि १५ टक्क्यांच्या हवेत? ९ ग्रॅमच्या आसपास. जवळपास तेवढीच! पुण्यात लोटा भरत आलेला, म्हणून गाडीच्या काचेवर दव. नागपुरात तेवढंच पाणी घंगाळ्याच्या तळाला, म्हणून ओठ फुटतात.

आता श्रावण. २७ अंश, ८० टक्के म्हणजे घनमीटरमागे २० ग्रॅम. चेन्नईची ३४ अंशांची ६५ टक्के हवा २४ ग्रॅम. टक्के कमी, पाणी जास्त. आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत चेन्नईची हवा भरली तर तिच्यात पाऊण लिटरहून जास्त पाणी नुसतं तरंगत असेल. नागपूरची भरली तर जेमतेम ३०० मिली.

म्हणून दोन गावं ताडताना टक्के बघू नकोस, दवबिंदू बघ. हवा किती अंशांपर्यंत थंड केली की दव पडायला लागेल, तो आकडा. बऱ्याच हवामानाच्या ॲपमध्ये तो असतो, फक्त कोणी बघत नाही. तो भांड्याच्या आकारावर अवलंबून नाही, सरळ पाण्याशी बांधलेला आहे. दवबिंदू १५ च्या खाली असला तर हवा कोरडी वाटते, २० च्या पुढे चिकचिक सुरू होते, २५ च्या पुढे गेला की अंघोळ करून बाहेर आलेला माणूस पुसून कोरडाच होत नाही. त्या दुपारी नागपूरचा दवबिंदू ११ च्या घरात निघाला, चेन्नईचा २६ च्या वर.

हे आकडे मी दोन्ही गावांत अंगावर घेतलेत. एकदा मे महिन्यात नागपूरला लग्नाला गेलो होतो. सकाळी धुतलेला पंचा दोरीवर टाकला आणि दाढी उरकून आलो तर पापडासारखा कडक. चेन्नईला नातेवाइकांकडे तसाच पंचा रात्री खोलीत वाळत घातला, तो सकाळी होता तस्साच, वर कुबट वास.

आता कूलरचं. ती जो विकायला निघाली होती तो. कूलर म्हणजे मोठा माठच. बाहेरची हवा ओल्या जाळीतून ओढायची आणि खोलीत सोडायची. तो हवेला ओल्या पाऱ्याच्या खाली कधीच नेऊ शकत नाही, आणि साधारणपणे तिथपर्यंतची चार पंचमांश वाट काटतो. नागपूरला ४३ आणि साडेबावीस यांत साडेवीस अंशांचं अंतर, म्हणून कूलरमधून २७ अंशांची हवा येते. चेन्नईत ३४ आणि साडेअठ्ठावीस यांत साडेपाचच अंशांचं अंतर, म्हणून तोच कूलर २९-३० अंशांची, वर ओलीगच्च हवा देईल. विदर्भात उन्हाळा लागला की घराघरांच्या खिडक्यांना कूलर लागतात आणि चेन्नईत ते क्वचित दिसतात, यात आवडीनिवडीचा प्रश्नच नाही. कूलरला खिडकी उघडी लागते आणि पाणी भरपूर लागतं, हे मात्र नागपूरला घर बघताना लक्षात ठेव. टाकी रात्रीतून रिकामी होते.

एसीचं गणितही यातूनच सुटतं. एसीच्या नळीतून टपकणारं पाणी हवेतलं असतं. घाम वाळताना लिटरमागे जी ५८० किलोकॅलरी अंगातून घेऊन गेला, तीच उष्णता वाफेचं परत पाणी करताना एसीला काढून बाहेर टाकावी लागते. म्हणजे चेन्नईत एसी हवा गार करतो आणि शिवाय ती पिळतो. नळीखाली बादली ठेवली तर भरते. नागपुरात मे महिन्यात तीच नळी जवळजवळ कोरडी. नागपूरचा एसी तापमानाशी झगडतो, चेन्नईचा पाण्याशीही, आणि चेन्नईचा झगडा वर्षातले कितीतरी जास्त महिने चालतो. विजेचं बिल सरासरी तापमानावरून काढायला गेलीस तर फसशील.

आता पुणेकराची खरी अडचण सांगतो. आपण ५६० मीटर उंचीवर राहतो. मे महिन्यात दुपारी ३८ झालं तरी सूर्य कलला की पश्चिमेचं वारं सुटतं आणि पहाटेपर्यंत पारा २२-२३ वर येतो. त्यामुळे आपल्या डोक्यात घट्ट बसलंय, की दुपार सोसली की झालं, संध्याकाळ आपली. वेताळ टेकडीवर सहा वाजता जी झुळूक लागते ती आपल्याला सगळ्या जगात असते असंच वाटतं. नसते. मे महिन्यात नागपूरचा किमान पारा सरासरी २८ च्या घरात आणि चेन्नईचाही २८ च्या घरात. आपल्यापेक्षा दोन्हीकडे पाच अंश जास्त. आणि किमान म्हणजे पहाटेचा आकडा. नागपूरला रात्री दहाला ३५ असणं नवलाचं नाही.

म्हणून आकडे चाळताना मी आधी रात्रीचा रकाना बघतो. दिवसा तू बँकेच्या एसीत असशील. झोप मात्र घरात लागायची आहे. आणि रात्र गार झाली नाही, तर दिवसभर ताणलेलं हृदय सावरत नाही. तुझ्या सासूबाईंच्या दृष्टीने दुपारच्या आकड्यापेक्षा हा जास्त महत्त्वाचा.

चेन्नईची रात्र का उतरत नाही, त्याला दोन कारणं. समुद्र सावकाश तापतो आणि सावकाशच निवतो, ते एक. दुसरं म्हणजे हवेतली वाफ जमिनीची उष्णता आकाशात जाऊ देत नाही, गोधडीसारखी अडवून धरते. नागपूरला ही गोधडी पातळ असते, म्हणून हिवाळ्यात तिथे खरी थंडी पडते. जानेवारीत किमान सरासरी १२-१३ च्या घरात. डिसेंबर २०१८ मध्ये तर पारा ३.५ पर्यंत गेला होता. चेन्नईत जानेवारीच्या पहाटे २१ असतात आणि लोक कानाला मफलर गुंडाळून फिरायला निघतात. हसू नकोस, दोन वर्षांत तूही गुंडाळशील.

इथे सरासरीचा एक सापळा आहे. वर्षाची सरासरी काढली तर नागपूर चेन्नईपेक्षा थंड भरतं, निदान अंशभर तरी. कारण १२ ची पहाट आणि ४३ ची दुपार एकमेकींना खाऊन टाकतात. चेन्नईत खायला काहीच नाही, वर्षभर एकाच पट्टीत. म्हणून महिन्यामहिन्याचा तक्ता लागतो. तो बनतो आपल्याच गावात. भारतीय हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये शिमल्याहून पुण्याला आलं, म्हणून शिवाजीनगरच्या त्या चौकाला अजून सिमला ऑफिस चौक म्हणतात. देशभरच्या ठाण्यांचे तीस वर्षांच्या सरासरीचे तक्ते तिथे तयार होतात. सध्याचे १९९१ ते २०२० चे. त्यात आर्द्रतेच्या दोन ओळी असतात, सकाळी साडेआठची आणि संध्याकाळी साडेपाचची. सकाळची ओळ बघून नागपूर दमट ठरवू नकोस, सकाळी भांडं लहान असतं.

आणि तक्त्यातलं गाव म्हणजे एक ठाणं असतं. पुण्यातच बघ ना. हिवाळ्यात पाषाणचा किमान आकडा मगरपट्ट्यापेक्षा कितीतरी खाली असतो, आणि दोन्ही पुणेच. नागपूरचं ठाणं सोनेगाव विमानतळावर. चेन्नईची दोन, नुंगम्बाक्कमचं समुद्राजवळ आणि मीनम्बाक्कमचं आत विमानतळावर. समुद्रापासून दहा-बारा किलोमीटर आत घर घेतलंस तर दुपारचं खारं वारं उशिरा पोचतं.

ते वारं म्हणजे चेन्नईचा खरा दिलासा. उन्हाळ्यात बारा-एकच्या सुमारास समुद्रावरून आत येतं आणि पारा ३७ वरून तीन-चार अंश उतरवतं. दमटपणा वाढतो तो वाढतोच. पण पश्चिमेकडून जमिनीवरचं जोरकस वारं वाहत असलं की ते समुद्राच्या वाऱ्याला आत शिरू देत नाही. मग चेन्नईसुद्धा भाजून निघते. ३१ मे २००३ ला तिथे ४५ अंश नोंदले गेले. म्हणजे चेन्नई म्हणजे कायम ३४, असंही नाही. तिथले लोक मेच्या पहिल्या आठवड्यापासून अखेरीपर्यंतच्या दिवसांना अग्निनक्षत्रम् म्हणतात. वैदर्भीयांचा नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, २५ मेच्या सुमाराला, रोहिणी नक्षत्राबरोबर लागतो.

नागपूरला वाचवून बोलतोय असं वाटू नये म्हणून सांगतो, कोरड्या उष्णतेचा धोका वेगळा आणि जास्त लबाड असतो. घाम इतका पटकन वाळतो की आला हेच कळत नाही. अंग कोरडं, म्हणून माणूस समजतो बरं चाललंय, आणि तोवर लिटर-दीड लिटर पाणी गेलेलं असतं. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ झालं होतं. तसल्या दिवसांत दुपारी बारा ते चार घराबाहेर पडायचं नाही, हा तिथला कायदाच आहे. दुपारी रस्ते ओस पडतात. बाहेर पडलंच तर डोक्याला-तोंडाला दुपट्टा आणि खिशात कांदा. कांद्याचं मला ठाऊक नाही, पण दुपट्टा आणि पन्हं यांना तोड नाही. म्हाताऱ्या माणसाला तहान उशिरा लागते, म्हणून सासूबाईंना तहान लागायची वाट न बघता पाणी द्यायचं. बीपीच्या काही गोळ्या लघवी वाढवतात, त्या उन्हाळ्यात तशाच चालू ठेवायच्या का, हे डॉक्टरांना निघण्याआधी विचार.

खुद्द हवामान खातंही दोन गावांना एकच फूटपट्टी लावत नाही. उष्णतेची लाट म्हणायची तर मैदानी भागात पारा निदान ४० ला पोचायला हवा. किनाऱ्यावर ३७ ला पोचला आणि नेहमीपेक्षा साडेचार अंश वर असला, की लाट. डोंगराळ भागात तर ३० ला. ४३ आणि ३४ शेजारी शेजारी ठेवून वजाबाकी करता येत नाही, याचा आणखी कुठला दाखला हवा?

पावसाचं मात्र तिला आधी सुचलंच नव्हतं. आपण मृगाकडे डोळे लावून बसणारी माणसं. ७ जून आला की संपला उन्हाळा. नागपूरला आठवडाभर पुढेमागे, पण क्रम तोच, आणि वर्षाचे अकराशे मिलिमीटर बहुतेक जून ते सप्टेंबरात. चेन्नईत जूनमध्येही पारा ३७ च्या आसपास असतो. नैर्ऋत्य मोसमी वारे पश्चिम घाट ओलांडून तिथे पोचतात तोवर बरेचसे रिकामे झालेले असतात. तुरळक सरी पडतात, पण उन्हाळा मोडत नाही. तिथला खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, ईशान्येकडून, बंगालच्या उपसागरातली वाफ घेऊन. वर्षाच्या साधारण चौदाशे मिलिमीटरमधला निम्म्याहून जास्त या तीन महिन्यांत, आणि चक्रीवादळंही याच मोसमात. डिसेंबर २०१५ चा पूर, २०१६ चं वरदा, २०२३ चं मिचाँग, सगळे डिसेंबरातलेच. चेन्नईला गेलीस तर वेलाचेरीसारख्या सखल भागात तळमजला घेऊ नकोस. नागपूरही याला अपवाद नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये नाग नदीने एका रात्रीत घरात पाणी घातलं होतं.

"म्हणजे दिवाळीत पाऊस?" तिने विचारलं.

हो. पिल्लूचा मातीचा किल्ला तिथे गॅलरीतच करायचा, वर छप्पर असेल तर.

शेवटी तिने सरळच विचारलं, की तू असतास तर काय भरलं असतंस. मी नागपूर म्हटलं. दिवसा आत बसायची सोय असलेल्या घराला मार्च ते जून हे चार महिने जपून काढता येतात आणि उरलेले आठ महिने आपल्या ओळखीचे आहेत. चेन्नईचा उकाडा शिखर गाठत नाही पण उतरतही नाही, आणि ज्याला पुण्याच्या संध्याकाळची सवय आहे त्याला ते न उतरणंच जास्त जाचतं. हे माझं मत. ज्याची त्वचा कोरडी पडते, नाकातून रक्त येतं, किंवा ज्याला थंडी सोसत नाही, त्याला चेन्नई मानवेल. दुपारी उन्हात फिरायचंच काम असेल, तर मी दोन्ही गावं टाळली असती.

ती गॅलरीत जाऊन पुन्हा एकदा ते दोन पारे बघून आली. सूर्य उतरला होता. कोरडा ३४ वर आला होता, ओला जवळपास होता तिथेच. पसंतीक्रमात तिने काय भरलं ते मी विचारलं नाही. कूलर विकण्याचा संदेश मात्र तिने जिना उतरता उतरताच काढून टाकला होता. ग्रुपवर तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं होतं, "गेला का गं?"